बदली डबा

१ जानेवारी १९६८, सोमवार

ही डायरी शैलजानं दिली. शैलजा माझी बायको, इथं बुलढाण्यात मुलींच्या शाळेत शिकवते. त्यामुळं घरातसुद्धा कोणाला तरी शिस्त लावल्याशिवाय तिला चैन पडत नाही, आणि घरात मी एकटाच आहे. म्हणाली, "राग आला की बोलायचं नाही, इथं लिहायचं. पान संपेपर्यंत राग निवतो." मी म्हटलं, माझा राग एका पानात मावत नाही. म्हणे, "म्हणून तर रोजचं एक पान आहे."

आज रागावण्यासारखं काही झालं नाही. दुकान उघडलं, कोणी आलं नाही, बंद केलं.

४ जानेवारी, गुरुवार

रेडिओचे भाग मोजायचं मीटर गेलं. हातातून सुटलं. धाड गावचा एक गिऱ्हाईक रेडिओ घेऊन आला आणि मी तपासत असताना डोक्यावर उभा राहून एकच धोशा, "मिस्तरी, मुंगया गेल्या असतीन. पाहा ना, मुंगयाच असतीन." चौथ्यांदा म्हणाला तेव्हा मी त्याच्याकडं वळलो. मीटर हातात होतं. ते सुटून समोरच्या भिंतीपर्यंत गेलं. शैलजा म्हणते, सुटलेली वस्तू खाली पडते, भिंतीकडं जात नाही. शाळेतलं विज्ञान घरी आणू नये माणसानं.

मीटर अकोल्याच्या उस्तादांनी दिलेलं होतं. त्यांच्या हाताखाली नऊ वर्षं काढली मी. दिवाळीत इथं स्वतःचं दुकान टाकायला निघालो तर म्हणाले, "जा शालिग्राम, मार्चपर्यंत तुझं स्टूल रिकामं ठेवतो." आशीर्वाद द्यायची ही काय रीत झाली!

मार्चपर्यंत दुकान नाही चाललं तर मला पुन्हा त्या स्टुलावर जाऊन बसावं लागणार आणि शैलजा इथं शाळेत. लग्नानंतरची तीन वर्षं आम्ही तशीच काढली, शनिवारची एसटी आणि सोमवारची एसटी. आता पुन्हा नाही म्हणजे नाही.

(मुंग्या होत्या. रेडिओत. पण मीटर गेल्यावर कळून काय उपयोग.)

१० जानेवारी, बुधवार

मीटर मुंबईच्या कंपनीला पाठवलं, त्यांचं कार्ड आलं. आतली कॉइल तुटली आहे, तीन महिने लागतील. तीन महिने! तेवढ्यात माणूस नवं मीटर जन्माला घालील.

१३ जानेवारी, शनिवार

पंचायत समितीतले विस्तार अधिकारी अर्जुनराव दुकानात आले. तालुक्यातल्या अकरा गावांत ग्रामपंचायतीचे रेडिओ आहेत, चावडीवर लोक बातम्या, बाजारभाव, भजनं ऐकतात. त्यातले निम्मे मुके पडलेत. अर्जुनराव म्हणाले, "पाहा मिस्तरी, चोवीस फेब्रुवारीले देऊळघाटच्या पंचायतीत तीन बिघडलेले सेट मांडून ठेवतो. तिथंच, सर्वांसमोर दुरुस्त करून दाखवा. तिन्ही बोलले तर अकराही गावं तुमच्याकडं. नाई बोलले तर अकोल्याहून मानूस बोलावतो."

अकोल्याहून म्हणजे उस्तादांकडूनच येणार तो. मी म्हटलं, तिन्ही बोलतील. अकरा गावं मिळाली तर दुकान टिकलं म्हणून समजा.

मीटर नाही हे सांगितलं नाही. विचारलंच नाही त्यांनी.

१६ जानेवारी, मंगळवार

संक्रांतीचं लिहायचं राहिलं. शैलजाच्या हिरव्या साडीवर जुळतं झंपराचं कापड आणलं. साडी सोबत नेऊन, दुकानदाराच्या डोक्याशी डोकं लावून, अगदी एकसारखं पाहून आणलं. तिनं कापड हातात घेतलं आणि नुसतं पाहत राहिली. मग म्हणाली, "छान आहे." ज्या आवाजात ती ढ मुलींना "छान" म्हणते, त्या आवाजात. बायकांचं समाधान ब्रह्मदेवाच्या बापालाही करता येणार नाही. हळदीकुंकवाला घालून गेली तेव्हा शेजारची कोकिळा म्हणाली, "अवं बाई, हे तपकिरी काऊन शिवलं?" लोकांना दुसऱ्याच्या घरात काड्या घालायला आवडतं.

२१ जानेवारी, रविवार

मीटर नाही तर नाही, अक्कल आहे. जुन्या रेडिओ मासिकात एका डब्याचं चित्र होतं, तो डबा आज पुरा केला. हे नीट लिहून ठेवतो, कारण घरात कोणी कौतुक केलेलं नाही.

रेडिओत करंट अडवणारे शेंगदाण्याएवढे तुकडे असतात, त्याला रेझिस्टन्स म्हणतात. रेडिओ मुका झाला की बऱ्याच वेळा त्यातला एखादा जळालेला असतो. जळाला की त्याच्यावरचा आकडा कळत नाही, मग त्या जागी केवढा घालायचा? इथं डबा कामी येतो. चहाच्या पत्र्याच्या डब्यात बारा घरांचा फिरता स्विच बसवला, प्रत्येक घराला वेगळ्या आकड्याचा रेझिस्टन्स डाख देऊन जोडला आणि बाहेर दोन वायरी काढून त्यांना चिमटे लावले. जळका तुकडा काढायचा, त्या जागी चिमटे लावायचे आणि बटण फिरवत राहायचं. ज्या घरावर रेडिओ स्वच्छ बोलला, त्या घराचा आकडा वाचायचा. त्या आकड्याचा नवा तुकडा बसवला की काम संपलं. मीटर झक मारतं.

शैलजा म्हणाली, "म्हणजे आमच्या शाळेतल्या बदलीच्या बाईसारखा. खरी बाई येईपर्यंत वर्ग सांभाळायचा." म्हणून त्याचं नाव बदली डबा.

रेझिस्टन्सवर आकडा लिहिलेला नसतो, रंगाच्या पट्ट्या असतात. काळी शून्य, तपकिरी एक, लाल दोन, नारंगी तीन, पिवळी चार, हिरवी पाच. मला झोपेत विचारा. पट्ट्या वाचून डब्यावर आकडे मी स्वतः लिहिले. शैलजा पाचव्या घराकडं बोट करून म्हणाली, "अहो, याची शेवटची पट्टी..." मी म्हटलं, तू तुझ्या वह्या तपास. नऊ वर्षं झाली मला या धंद्यात. ती गेली वह्या तपासायला.

२५ जानेवारी, गुरुवार

मला कोणी तरी समजावून सांगावं.

उंद्रीच्या सोसायटीचा रेडिओ आला. एक तुकडा जळका. डबा लावला, फिरवला, पाचव्या घरावर असा खणखणीत बोलला की रस्त्यावरचे लोक थांबले. पाचवं घर म्हणजे एक हजार. सुट्या तुकड्यांच्या ट्रेमधून हजाराचा काढला, डाख देऊन जोडला. मुका. पुन्हा डबा लावला, बोलला. दुसरा हजाराचा बसवला. मुका. डबा, बोलला. तिसरा. मुका!

डब्यातला हजार बोलतो आणि ट्रेमधला हजार बोलत नाही. हजार म्हणजे हजार ना? का हजारात पण जाती असतात?

३० जानेवारी, मंगळवार

आज धूर निघाला. गिऱ्हाइकासमोर. डब्यानं गाणं म्हणत असलेला सेट, मी तोच आकडा बसवला तर दोन मिनिटांत अगरबत्तीसारखा धूर. गिऱ्हाईक म्हणे, "मिस्तरी, तो डबाच राहू द्या ना आत." जो तो हेच म्हणून राह्यला. मी डबे विकायला बसलोय काय?

मुंबईच्या व्यापाऱ्यानं खोटा माल पाठवलाय, दुसरं काही नाही. त्याला तीन पानी पत्र लिहिलं.

वर आणखी घरी येताना भाजीवाल्यानं फसवलं. चांगले पिकलेले टमाटे निवडून घेतले, घरी पिशवी उघडली तर शैलजा म्हणते अर्धे हिरवे आहेत. हातचलाखी केली असणार त्यानं. जगात प्रामाणिक माणूस राहिलाच नाही.

४ फेब्रुवारी, रविवार

उंद्रीला घरी गेलो होतो, सोसायटीचा रेडिओ न दुरुस्त करता परत द्यायला. चारचौघांत तोंड लपवत फिरावं लागलं.

आमचं भाजीपाल्याचं वावर. लाल मिरची तोडणं चालू होतं. बाबा बांधावर पाहुण्याला सांगत होते, "आमचा शालिग्राम मिरचीच्या कामाचा नाई. त्याले वांगे तोडाले लावा, मुया उपटाले लावा, पन मिरचीत सोडू नका." पाहुणा हसला. मीपण हसलो. आता इतकी वर्षं ऐकून झालं आहे.

नऊ वर्षांचा होतो. बाबांनी लाल मिरच्या तोडायला लावलं, दुसऱ्या दिवशी चिखलीचा बाजार होता. मी पाटी भरून नेली तर त्यात निम्म्या हिरव्या. बाबा म्हणाले, डोळे फुटले का, का जाणूनबुजून करतो? मी म्हटलं, पाहूनच तोडल्या. खोटं बोलतो म्हणून तुरीच्या वाळलेल्या तुराटीनं असं फोडून काढलं की आठ दिवस पालथं झोपावं लागलं. नंतर दोनदा तेच झालं. तेव्हापासून मी कामचुकार, आणि म्हणूनच मला अकोल्याला धाडलं. एका अर्थी बरंच झालं. मला शेतीचा कंटाळा होताच, लक्ष नसणार माझं.

शैलजाला जेवताना हे सांगितलं तर तिचा घास हातातच राहिला. म्हणाली, "पाहूनच तोडल्या होत्या तुम्ही?" मी म्हटलं, आता तूही चौकशी लाव.

८ फेब्रुवारी, गुरुवार

व्यापाऱ्याचं उत्तर आलं. माल तपासून पाठवला आहे, आपणच पट्ट्या नीट पाहाव्यात. मला शिकवतो! हा कागद मी शैलजाला वाचून दाखवला, तर सहानुभूती राहिली बाजूला, म्हणते, "एक विचारू का? रागावणार नाही ना?" मी म्हटलं, विचार, पण धंद्याचं विचारू नको. म्हणाली, "मग राहू द्या."

दोन आठवडे राहिले. उस्तादांचं कार्ड आलंय. स्टूल अजून रिकामं आहे म्हणे.

९ फेब्रुवारी, शुक्रवार

दुकानातून आलो तर घरी आणून ठेवलेल्या माझ्या ट्रेजवळ शैलजा. कागदावर काहीबाही लिहीत होती आणि तुकडे वेगळे करत होती. माझ्या मालाला हात? इतका ओरडलो की कोकिळानं खिडकी लावून घेतली. तिनं केलेले ढीग पुन्हा एकत्र करून टाकले. तिनं पोळ्या केल्या, झोपली.

चुकलंच माझं ओरडणं. पण हात लावायचा कशाला?

११ फेब्रुवारी, रविवार

ही नोंद माझी, शैलजाची. तुम्ही कानानं ऐकत नाही, म्हणून इथं लिहिते. तुमची वही मी पहिल्या पानापासून वाचली आहे. वाचणार नाही असं दिली तेव्हा मी म्हटलं नव्हतं.

तुमच्या डब्याच्या पाचव्या घरावर तुम्ही एक हजार लिहिलंय. त्या तुकड्याच्या पट्ट्या तपकिरी, काळी आणि हिरवी आहेत. तुमच्याच मासिकात दिलंय, शेवटची पट्टी म्हणजे पुढं किती शून्यं. हिरवी म्हणजे पाच. तो हजार नाही, दहा लाख आहे. हजाराची शेवटची पट्टी लाल असते. बारापैकी सात घरांवर आकडा चुकलाय. कोणी खोटा माल पाठवलेला नाही. टमाट्यांत हातचलाखी झाली नाही. माझं झंपर तपकिरीच आहे, कोकिळा खरं बोलली.

टेबलावर दोन वाट्यांत एकेक मिरची ठेवली आहे. एक लाल आहे, एक हिरवी. लाल कोणती ते खाली लिहा. मला सांगू नका, लिहा. मी मावशीकडं जाते, संध्याकाळी येईन. पोळ्या डब्यात आहेत.

डावी.

नाही, उजवी.

वास घेतला. दाबून पाहिल्या. चावूनही पाहिल्या, दोन्ही तिखट.

माहीत नाही.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

दोन दिवस दुकान उघडलं नाही.

एकतीस वर्षांत एक माणूस बोलू नये? लोकांना लाल आणि हिरवं खरंच इतकं वेगळं दिसतं? शैलजा म्हणते, वावराच्या बांधावरून दिसतं. बांधावरून! मला वाटायचं, रंग म्हणजे पाठ करायची गोष्ट. पान हिरवं, कुंकू लाल, माती तपकिरी, हे मला पाठ आहे. सगळ्यांनाच पाठ असेल आणि बाकीचं जो तो अंदाजानं बोलत असेल, जसा मी बोलतो. उस्तादांकडं तुकड्यांच्या बरण्यांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या होत्या. नऊ वर्षं मी चिठ्ठ्या वाचल्या. इथं आल्यावर मीटर होतं, तुकड्याला लावलं की तेच आकडा सांगायचं. ते मी भिंतीवर फेकलं. होय, फेकलं, सुटलं नव्हतं.

कोणावर चिडू तेच समजेना. व्यापाऱ्यावर चिडता येत नाही, भाजीवाल्यावर नाही, शैलजावर तर नाहीच नाही. असा बिनकामाचा राग मला आजवर आला नव्हता.

शैलजाला शपथ घातली, कोणाला सांगायचं नाही. रंग न दिसणाऱ्या मिस्तरीकडं कोण रेडिओ आणील? आणि अर्जुनरावांना कळलं तर संपलंच.

१८ फेब्रुवारी, रविवार

आज डबा पुन्हा उघडला. शैलजा पट्ट्या वाचते, मी आकडा सांगतो, ती लिहिते. तिला रेडिओतलं कळत नाही आणि मला रंग. दोघांचा मिळून एक मिस्तरी होतो.

मग ट्रेमधला माल. गल्लीभरातून रिकाम्या काडेपेट्या जमवल्या, एका काडेपेटीत एकाच आकड्याचे तुकडे, वर तिच्या अक्षरात आकडा. चाळीस काडेपेट्या झाल्या. जेवायचं राहिलं. मध्येच मी तिला म्हटलं, तू लुगड्याचे रंग पाहतेस तशी पाहू नकोस, भरभर सांग. तिनं नुसतं माझ्याकडं पाहिलं. मी गप्प बसलो. हे इथं नोंदवून ठेवतो, कारण ती वाचते.

उंद्रीच्या सोसायटीचा रेडिओ परत मागवून दहा लाखाचा तुकडा घातला. बोलला. मला रडू आलं, पण तेव्हा ती चहा करायला गेली होती.

२४ फेब्रुवारी, शनिवार

सगळं सांगतो. क्रमानं सांगतो, नाही तर पुन्हा डोकं फिरेल.

सकाळच्या एसटीत कंडक्टर म्हणे, पिशवी टपावर टाका. मी म्हटलं, यात नाजूक माल आहे, मांडीवर घेतो. म्हणे, मांडीवर माणसं बसून राह्यली आज, टपावर टाका. त्यानं पिशवी धरली, मी ओढली. हिसका जरा जोरात बसला. मीच मारला. शिवण उसवली, चाळीस काडेपेट्या एसटीत सांडल्या आणि त्यांच्यावरून अख्ख्या देऊळघाटचे पाय गेले. वाकून वाकून सापडले तेवढे तुकडे गोळा केले. डबा तेवढा धड राहिला. बाकी सगळा माल पिशवीच्या तळाशी एक ढीग. माझ्यासारख्या माणसासाठी खिचडी.

पंचायतीच्या ओसरीवर गाव जमलेलं. मधोमध टेबल, त्यावर तीन रेडिओ. खुर्चीत अर्जुनराव. ओसरीच्या कडेला तानाबाई कासारीण टोपली उतरवून बायकांना बांगड्या भरत बसलेली.

पहिला सेट उघडला. जळका तुकडा सापडला, डबा लावला. सातव्या घरावर आवाज फाटला, आठव्यावर घुमला, सहाव्यावर बाई स्वच्छ बातम्या सांगायला लागली. लोक म्हणाले, वा! सहावं घर म्हणजे सत्तेचाळीस हजार. पिवळी, जांभळी, नारंगी. आता ढिगातून तो तुकडा काढायचा.

मी ढिगाकडं पाहत उभा राहिलो. अर्जुनराव म्हणाले, "काय झालं मिस्तरी? अडलं का?" शैलजा शाळेत. स्टूल अकोल्यात. अंदाजानं एक उचलून बसवला असता, पण धूर निघाला असता तर तो पंचायतीच्या सेटमधून, सगळ्यांसमोर. नऊ वर्षांचा असताना अंदाजानंच मिरच्या तोडल्या होत्या मी.

मी तानाबाईकडं गेलो. पिशवी तिच्यासमोर ओतली. म्हटलं, "बाई, मले रंग दिसत नाई. लाल, हिरवा, तपकिरी, काहीच धड नाई. तुम्ही पाहून देता का?"

मागून कोणी तरी, "अबे, मिस्तरीले रंगच दिसत नाई!" आणि हशा. अंगावर कोणी गरम पाणी ओतावं तसं झालं. तानाबाईनं हातातली बांगडी खाली ठेवली. ज्याचा आवाज आला त्याच्याकडं पाहून म्हणाली, "तुह्या मायनं हिरव्या बांगड्या भरल्या, तवा पाच खेप बदलवून नेल्या, तिलेही नव्हतं समजत. हास आता." मग मला म्हणाली, "सांग बाप्पा, कोन्ता पायजे. तीस वर्सापासून हेच करून राह्यली मी."

मी म्हटलं, पिवळी, जांभळी, नारंगी. तर म्हणे, "नारंगी म्हंजे आंबा का केशरी?" मला काय ठाऊक, आई! आंबा का केशरी! तिच्याकडं एका पिवळ्याला सहा नावं. हे हयदी, हे लिंबू, हे सोनचाफी. मला एकही दिसत नाही आणि तिला गरजेपेक्षा जास्त दिसतात. मी कपाळावर हात मारून घेतला, तीही चिडली, म्हणाली, "वरडू नको, चष्मा नाई आनला म्या." शेवटी तिनं एक तुकडा उन्हात धरला, बोटावर फिरवला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

बसवला. बाई बातम्या सांगत राहिली. धूर नाही, काही नाही. हसणारे जवळ सरकून ऐकायला लागले.

दुसराही तसाच झाला. आता मी बसलो होतो तिच्या टोपलीजवळ जमिनीवरच, बांगड्या भरायला आलेल्या बायकाही तुकडे निवडत होत्या. तिसऱ्या सेटला लागणारा आकडा ढिगात नव्हताच, एसटीतच कुठं तरी राहिला असणार. मी सरळ डबाच आत ठेवला, सुतळीनं बांधला आणि बटणावर चिकटपट्टी लावली. भजन सुरू झालं.

अर्जुनराव खुर्चीतून उठून आले. म्हणाले, "मिस्तरी, रंग दिसत नाई अन् रेडिओ दुरुस्त करता?"

राग आला. दिवसभराचा होता. म्हटलं, "साहेब, तुम्ही रेडिओ डोयानं ऐकता काय?"

झालं. बोलून गेलो आणि जीभ चावली. ते तिसऱ्या सेटजवळ गेले, कान लावला, कागदावर काही तरी लिहिलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले.

घरी येऊन शैलजाला सगळं सांगितलं. एसटीतल्या हिसक्यासकट. तिला वाटलं असेल मी रडेन. मी म्हटलं, अकोल्याला माझ्यासोबत चटणी दे, उस्तादांच्या घरची तिखट नसते.

४ मार्च, सोमवार

पत्र आलं. अकरा गावांचे रेडिओ एक वर्षासाठी माझ्याकडं. अर्जुनरावांनी शेवटी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, सुटे भाग नेताना डब्या घट्ट बांधून न्याव्यात. म्हणजे एसटीतलंसुद्धा त्यांना कळलं. देऊळघाटात काही लपत नाही.

शैलजानं पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "आता शनिवारी मला एसटी नको." मग पाठ करून बराच वेळ भांडी लावत होती. लावलेलीच भांडी पुन्हा लावत होती.

उस्तादांना कार्ड टाकलं, स्टूल कोणाला तरी द्या. देऊळघाटला तिसऱ्या सेटसाठी तुकडा घेऊन गेलो तर डबा परत देत नाहीत. सरपंच म्हणे, "चालू गाडीचं चाक काऊन काढता?" जाऊ दे. दुसरा करू. पट्ट्या वाचायला माणूस आहे घरात.

१० मार्च, रविवार

उंद्रीला गेलो. शैलजा म्हणाली, एकटेच जा.

बाबा मिरचीच्या शेवटच्या तोड्याला लागले होते. मला पाहून म्हणाले, "काऊन आला बे? दुकान बुडालं का?" मी म्हटलं, नाही, अकरा गावं मिळाली. "बरं झालं," म्हणाले, आणि खाली पाहून तोडायला लागले.

मग मी सांगितलं. उभ्या उभ्याच सांगितलं, शैलजानं शाळेतल्या पुस्तकात वाचून सांगितलेलं, दोन वाट्यांचं. हे जन्मापासून असतं, आळसानं येत नाही, म्हटलं. आई पाण्याची कळशी घेऊन आली होती, ती बांधावरच थांबली. म्हणाली, "माह्या बापालेही तसंच होतं. आमच्या मायनं कधी त्याले लुगडं आनाले धाडलं नाई. म्या तुमाले तवाच म्हनलं होतं, पोरगं खोटं नाई बोलून राह्यलं."

बाबांनी एक मिरची तोडली, हातात धरली आणि तिच्याकडं पाहत राहिले. मग म्हणाले, "म्हंजे तवा मी तुले फुकटच मारलं."

या वाक्यासाठी मी बावीस वर्षं भांडण तयार ठेवलं होतं. शब्दन् शब्द तयार होता. तोंडातून निघालं भलतंच. म्हटलं, "जाऊ द्या बाबा. तुराटी हिरवी होती, लागली नाही."

"हिरवी होती? तुले कसं समजलं बे, हिरवी होती ते?"

आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाबा हसले नाहीत. डोळे पुसले, मिरचीचा हात होता म्हणून आणखी झोंबले, मग आणखी पाणी आलं, मग चिडले. असे चिडले की मी कोणावर गेलोय ते एकदाचं कळलं.

चूळ भरली, डोळे धुतले, आणि रिकामी पाटी माझ्याकडं सरकवली. मी म्हटलं, मला मिरचीत सोडू नका ना, तुम्हीच सांगता सगळ्यांना. म्हणाले, "बस खाली. मी सांगतो, तू तोड."

माझ्या शेजारी उकिडवे बसले आणि एकेका मिरचीला बोट लावायला लागले. ही लाल. ही लाल. ही नाही, ही राहू दे. ही लाल. गुडघे दुखतात त्यांचे, तरी सरी संपेपर्यंत उठले नाहीत. पाटी भरली तेव्हा जेवायची वेळ टळून गेली होती.